रेस्वेराट्रॉलचं जेल करण्याआधी एका कागदावरचा हिशेब

प्रश्न असा आलाय: "नाशिकला एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तोंडाने घेतल्यावर नीट न शोषल्या जाणाऱ्या औषधाचं त्वचेवर लावायचं जेल, असा विषय गाईडनी दिलाय. आपल्याकडे द्राक्षं भरपूर, म्हणून त्यांच्या सालीतलं रेस्वेराट्रॉल घ्यायचं ठरलंय. नॅनोइमल्शन (पाण्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब) करून ते कार्बोपॉल ९४० या जेल घट्ट करणाऱ्या पॉलिमरमध्ये घालणार आहे. पॉलिमर बरोबर आहे का, टेस्टिंग कसं करू आणि सहा महिन्यांत होईल का?"

पॉलिमरचं नंतर बघू. घोळ सिनॉप्सिसच्या, म्हणजे थीसिसच्या आराखड्याच्या, पहिल्याच ओळीत आहे आणि तो तुमचा एकट्याचा नाही. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत फॉर्म्युलेशन डेव्हलपमेंटमध्ये मी एकोणीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी क्रीम आणि जेलवर. आता कॉलेजांत परीक्षक म्हणून जाते. दरवर्षी तीच ओळ वाचायला मिळते: "औषध तोंडाने नीट शोषलं जात नाही, म्हणून जेल." हे 'म्हणून' कुठून आलं असं विचारलं की मुलं गाईडच्या तोंडाकडे बघतात.

तोंडाने घेतलेलं औषध रक्तात कमी मिळण्याची कारणं वेगवेगळी असतात. एक, ते पोटात विरघळतच नाही. दोन, विरघळतं पण आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जात नाही. तीन, पलीकडे जातं, पण आतड्याची भिंत आणि यकृत मिळून पहिल्याच फेरीत त्याचा फडशा पाडतात. १९९५ मध्ये गॉर्डन अ‍ॅमिडॉन आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं बीसीएस वर्गीकरण (औषध किती विरघळतं आणि आतड्यातून किती जातं यावरून केलेले गट) पहिल्या दोन कारणांबद्दल बोलतं. जेल खरं कामाला येतं ते तिसऱ्यासाठी, फार तर पोटातल्या आम्लात नासणाऱ्या औषधासाठी. शोषून घेण्यासाठीच बनलेलं आतडं ज्याला आत घेत नाही, त्याला अडवण्यासाठी बनलेली त्वचा का घेईल? आणि जे विरघळत नाही ते जेलमध्येही विरघळलेलं राहणार नाही. तिथे तर पाणीसुद्धा पोटापेक्षा कमी.

आता तुमचं रेस्वेराट्रॉल. माणसांना २५ मिलिग्रॅम तोंडाने देऊन तपासलं, तर निदान ७० टक्के शोषलं गेलं. म्हणजे शोषण चांगलंच आहे! पण रक्तात मूळ रूपात जे मिळालं ते नॅनोग्रॅममध्ये मोजावं इतकं. बाकीच्याचं आतड्यात आणि यकृतात सल्फेट आणि ग्लुक्युरोनाइड होऊन गेलेलं. तेव्हा 'पुअरली अब्सॉर्ब्ड' खोडा आणि 'फर्स्ट पास मेटाबोलिझममुळे बायोअव्हेलेबिलिटी कमी' असं लिहा, म्हणजे पहिल्याच फेरीत मोडतोड होऊन रक्तात मूळ रूपात कमी पोचतं. नुसता शब्दांचा खेळ वाटेल, पण या एका दुरुस्तीने त्वचेचा मार्ग निवडायला निदान एक कारण तरी मिळतं.

द्राक्षांबद्दल एक सांगून टाकते. निफाड-दिंडोरीकडे बहुतेक बागा थॉमसनच्या, हिरव्या द्राक्षांच्या. रेस्वेराट्रॉल सालीत असतं, आणि ते काळ्या-लाल द्राक्षांत जास्त. घरच्या बागेतली पेटी आणून त्यातून ते काढत बसाल तर सहा महिने एक्स्ट्रॅक्शनमध्येच जातील आणि हाती येईल तो चिकट अर्क. बाजारात शुद्ध मिळतं ते बहुतेक जपानी नॉटवीड नावाच्या झुडपाच्या मुळांतून काढलेलं. ते सर्टिफिकेटसकट विकत घ्या. थीसिसच्या प्रस्तावनेत नाशिकची द्राक्षं येऊ द्यात, बॅचमध्ये नकोत.

आता कागद घ्या. रेणू त्वचेतून जाण्याजोगा आहे का, हे आधी. त्वचेचा खरा पहारेकरी म्हणजे सगळ्यात वरचा स्ट्रॅटम कॉर्नियम, जेमतेम दहा ते वीस मायक्रॉन जाडीचा. मेलेल्या चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी अ‍ॅसिडचा गिलावा. औषधाला जायचं तर बहुतेक त्या गिलाव्यातूनच वाट काढावी लागते. म्हणून रेणू लहान हवा. बॉस आणि माइनार्डी यांनी २००० मध्ये मांडलेली रेणूच्या वजनाची ५०० डाल्टनची मर्यादा अजून बऱ्यापैकी टिकून आहे. तो थोडा तेलकट हवा, पण फार नको. लॉग पी (तेलकटपणाचं माप) १ ते ३ च्या आसपास असेल तर उत्तम, कारण गिलावा ओलांडला की खाली पाणथळ थर आहे आणि अति तेलकट रेणू वरच चिकटून बसतो. रेस्वेराट्रॉल २२८ डाल्टन, लॉग पी ३ च्या जरासा वर. इथवर पास. वितळण्याचा बिंदू मात्र २५० अंशांच्या वर आहे, म्हणजे स्फटिक पक्के बांधलेले. ते सहजासहजी विरघळत नाहीत, आणि विरघळवले तर परत जमायची संधी शोधत राहतात.

दुसरा प्रश्न, रक्तात रोज किती पोचवायचंय? इथे तीन औषधांचा हिशेब शेजारीशेजारी मांडून बघा. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅम धरा, बायोअव्हेलेबिलिटी पन्नास-साठ टक्के, म्हणजे निदान ५०० मिलिग्रॅम आत जायला हवं. १०० चौरस सेंटिमीटर जागेवर लावलंत तर ताशी प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून २०० मायक्रोग्रॅमच्या वर. पाण्यात विरघळणाऱ्या, भार असलेल्या रेणूसाठी हे केवळ अशक्य. तरीही मेटफॉर्मिनच्या ट्रान्सडर्मल (त्वचेतून रक्तात पोचवणाऱ्या) जेलच्या थीसिस मी हाताळल्या आहेत, सोनेरी अक्षरांच्या बायंडिंगसकट. हाडांच्या ठिसूळपणावरचं रॅलोक्सिफेन घ्या. गोळी ६० मिलिग्रॅमची, पण रक्तात मूळ रूपात पोचतं २ टक्के. म्हणजे गरज फक्त १.२ मिलिग्रॅमची, ताशी अर्धा मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. कागदावर झकास. अडचण एवढीच की तो रेणू फार तेलकट आहे. तिसरं ऑक्सिब्युटिनिन, लघवीच्या घाईवरचं. तोंडाने जेमतेम ६ टक्के मूळ रूपात मिळतं, आणि यकृतात जो मेटाबोलाइट बनतो मुख्यतः त्यानेच तोंडाला कोरड पडते. २००९ मध्ये अमेरिकेत त्याच्या १० टक्के जेलला मंजुरी मिळाली, रोज १ ग्रॅम लावायचं. जेल का केलं, याचं उत्तर तिथे एका वाक्यात देता येतं. तुमच्या विषयालाही तसं एक वाक्य सापडायला हवं.

रेस्वेराट्रॉलची खरी अडचण इथेच आहे. कोणत्या आजारासाठी रक्तात किती पातळी हवी हे ठरलेलंच नाही, कारण ते मान्यताप्राप्त औषधच नाही. लक्ष्य नसेल तर बाण लागला की नाही हे कसं सांगणार? म्हणून माझा सल्ला असा की रक्तात पोचवण्याचा दावा सोडा. त्वचेतच, एपिडर्मिस (वरचा थर) आणि डर्मिसमध्ये (त्याखालचा थर) किती साठतं ते मोजा आणि विषयाला 'डर्मल डिलिव्हरी' म्हणा. गाईडना ट्रान्सडर्मलच हवं असेल तर औषध बदला, ज्याची रक्तातली पातळी माहीत आहे असं. शीर्षकातला एक शब्द बदलण्यासाठी गाईडशी भांडावं लागलं तर जरूर भांडा, पण सिनॉप्सिस जमा करायच्या आधी.

तिसरा हिशेब सगळेच चुकवतात, म्हणून जरा थांबून सांगते. एका व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) मुलाने फ्लक्स, म्हणजे त्वचेतून औषध जाण्याचा वेग, ५ मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर प्रति तास असं लिहिलं होतं. त्याला २४ ने आणि १०० चौरस सेंटिमीटरने गुणून "रोज १२ मिलिग्रॅम रक्तात" असा निष्कर्ष. मी विचारलं, माणूस जेल किती लावतो? त्वचारोगतज्ज्ञ बोटाच्या पेराचं माप वापरतात. ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकी पट्टी काढली की साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. तो भाग ३०० चौरस सेंटिमीटर धरला तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दोन मिलिग्रॅमही जेल येत नाही. आपण दोन धरू. त्याचं जेल १ टक्क्याचं, म्हणजे जागेवर औषध २० मायक्रोग्रॅम. आणि त्याच्या हिशेबाने २४ तासांत आत जातं १२०. लावलं त्याच्या सहापट! मुलगा हुशार होता, त्याने स्वतःच वही मागून घेतली आणि खाली मान घालून पुन्हा गुणाकार केला. झालं असं होतं की फ्रान्झ सेलच्या (दोन कप्प्यांमध्ये त्वचा ताणून औषध किती पलीकडे जातं ते मोजायच्या काचेच्या उपकरणाच्या) डोनरमध्ये, म्हणजे वरच्या कप्प्यात, त्याने पूर्ण एक ग्रॅम जेल थापलं होतं. त्याला इन्फिनिट डोस म्हणतात. बेसची आपसात तुलना करायला ते चालतं, पण रुग्णाला किती मिळेल हे त्यावरून काढता येत नाही. तुम्ही दोन्ही करा. तुलनेसाठी भरपूर जेल, आणि शेवटच्या निवडलेल्या फॉर्म्युल्यासाठी चौरस सेंटिमीटरला पाचएक मिलिग्रॅम, बोटाने चोळून, वजन करून.

बाजारात चालणाऱ्या जेलांचेही आकडे असेच नम्र असतात. टेस्टोस्टेरॉनचं १ टक्क्याचं जेल रोज ५ ग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅम लावतात आणि त्यातलं दहा टक्के आत जातं. उरलेलं कातडीवर आणि कपड्यांवर. जेल लावलेल्या वडिलांच्या अंगाखांद्यावर खेळून लहान मुलांना त्याचा परिणाम झालेला दिसला, म्हणून २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्यावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. आत न गेलेलं औषध कुठे जातं, हा प्रश्न व्हायव्हात मी हमखास विचारते.

आता पॉलिमर. कार्बोपॉल ९४० सोडा. ते बनवताना बेन्झीन वापरतात आणि त्याचा अंश पॉलिमरमध्ये राहतो. बेन्झीन कॅन्सरकारक आहे, औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या आयसीएचची मर्यादा २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग). २०२३ मध्ये एफडीएने अशा कार्बोमरऐवजी (कार्बोपॉलच्या जातीच्या पॉलिमरऐवजी) दुसरे वापरण्याबद्दल मार्गदर्शनही काढलं. कॉलेजच्या स्टोअरमध्ये ९४० चा जुना डबा असतो म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तेच चाललंय. ९८० मागवा, जेल तसंच काचेसारखं पारदर्शक येतं.

कार्बोपॉल भिजवताना घाई नको. पाणी ओव्हरहेड स्टररवर फिरत असताना पिठीसाखर भुरभुरावी तसं चाळणीतून सोडायचं. एकदम ओतलंत की गोळे होतात. बाहेरून फुगलेले, आतून कोरडे. आम्ही त्यांना 'फिश आय' म्हणायचो, आणि ते एकदा झाले की कितीही फिरवा, फुटत नाहीत. रात्रभर भिजू द्या. सकाळी ढवळताना वेग कमी ठेवा, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात आणि जेल सोडावॉटरसारखं दिसतं. ट्रायइथेनॉलअमाइन (जेल घट्ट करणारं अल्कली) थेंबाथेंबाने, पीएच मीटर आत बुडवून. मुलं सवयीने ७ पर्यंत नेतात. तुम्ही साडेपाचच्या आत थांबा. ९८० तिथेही पुरेसं घट्ट होतं, त्वचेचा पीएचही त्याच्या जवळपास असतो आणि मुख्य म्हणजे रेस्वेराट्रॉलला अल्कली सोसत नाही. पीएच चढला की ते खराब होत जातं.

पुढे औषध बदललंत तर ध्यानात ठेवा, कार्बोपॉलवर ऋण भार असतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका हायड्रोक्लोराइड सॉल्टचं द्रावण मी तयार जेलमध्ये मोठ्या आत्मविश्वासाने ओतलं. दोन मिनिटांत पातेल्यात दूध नासल्यासारखं दृश्य! धन भाराचं औषध आणि ऋण भाराचं पॉलिमर एकमेकांना बिलगून खाली बसले होते. बॅच पाच किलोची होती, आणि ती टाकून देण्याच्या फॉर्मवर सही माझी. सोडियम सॉल्ट घातलं तर नासत नाही, पण जेल पातळ होतं. अशा वेळी भार नसलेलं एचपीएमसी हे सेल्युलोजचं पॉलिमर बरं.

कुणीतरी पोलोक्झामर ४०७ हे पॉलिमर सुचवेलच. थंड असताना पातळ आणि अंगाच्या उबेला घट्ट होतं, म्हणून ऐकायला छान. पण नाशिकमध्ये मे महिन्यात ते ट्यूबमध्येच घट्ट होऊन बसतं आणि जानेवारीच्या सकाळी पाण्यासारखं ओघळतं. एसी नसलेल्या लॅबमध्ये त्याची व्हिस्कोसिटी मोजणं म्हणजे रोज नवा आकडा.

नॅनोइमल्शनबद्दल माझं मत थोडं कडू आहे. आधी साधं जेल करा: औषध इथेनॉल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून, हवं तर ट्रान्सक्यूटॉल या विद्रावकासह. रेस्वेराट्रॉल पाण्यात नगण्य विरघळतं, इथेनॉलमध्ये भरपूर. साध्या जेलचा आकडा हातात नसेल तर नॅनोने काय कमावलं हे कशाशी ताडून बघणार? नॅनोचं श्रेय बऱ्याचदा त्यातल्या सर्फॅक्टंटचं (तेल-पाणी एकत्र धरणाऱ्या द्रव्याचं) आणि अल्कोहोलचं असतं. म्हणून औषध सोडून बाकी सगळं असलेलं आणि नॅनो सोडून बाकी सगळं असलेलं, अशी दोन्ही कंट्रोल ठेवा. नुसतं अल्कोहोल वाढवत नेण्यातही फसगत आहे. त्वचेवर ते उडून जातं, मागे राहिलेल्या थोड्या द्रवात औषध मावत नाही आणि स्फटिक पडतात. काचपट्टीवर पातळ थर द्या, ३२ अंशांना तासभर ठेवा आणि मायक्रोस्कोपखाली बघा. सुयांसारखं काही चमकलं तर तो फॉर्म्युला तिथेच थांबवा. फुकटची चाचणी आहे, करत मात्र कुणी नाही.

फ्रान्झ सेलबद्दल. डायलिसिस मेम्ब्रेनमधून किंवा अंड्याच्या पापुद्र्यातून जे येतं तो रिलीज (जेलमधून सुटणं), पर्मिएशन (त्वचेतून जाणं) नव्हे. त्वचाच हवी. डुकराच्या कानाची त्वचा माणसाच्या बरीच जवळची, पण खाटिकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की कान उकळत्या पाण्यात बुडवण्याआधी काढून द्या. केस काढण्यासाठी डुक्कर गरम पाण्यात घालतात आणि तिथेच तो दहा-वीस मायक्रॉनचा थर बिघडतो. मग तुमचं जेल चमत्कारासारखं आरपार जातं आणि आलेख बघून गाईड खूश होतात. कान आणल्यावर थंड पाण्याने धुवा, साबण नको. त्वचा सोडवून चरबी खरवडा आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० ला ठेवा. उंदराची त्वचा फार सैल, तिचे आकडे फुगलेले येतात, शिवाय तिला प्राणी समितीची मंजुरी लागते. कानासाठीही कॉलेजच्या समितीकडून लेखी पत्र घेऊन ठेवा, पेपर छापताना मागतात. पूर्ण जाडीची त्वचा लावू नका. जिवंत माणसात औषध डर्मिसच्या वरच्या भागातल्या केशवाहिन्या उचलून नेतात, सेलमध्ये मात्र त्याला अख्खा डर्मिस पार करावा लागतो. डर्मॅटोम (त्वचेचे पातळ काप काढायचं यंत्र) नसेल तर ६० अंशांच्या पाण्यात मिनिटभर ठेवून चिमट्याने एपिडर्मिस अलगद सोलता येतं. पहिले पाच-सहा फाटतील, ते धरूनच चाला.

रिसेप्टरमध्ये, म्हणजे सेलच्या खालच्या कप्प्यात, तुमच्या औषधाच्या दोन खोडी आहेत. एक, नुसत्या बफरमध्ये ते विरघळणार नाही आणि सिंक कंडिशन (खालचा द्रव औषधाने भरून न जाण्याची अट) राहणार नाही. थोडं इथेनॉल किंवा अल्ब्युमिन घाला, आणि शेवटच्या सॅम्पलची तीव्रता सॅच्युरेशनच्या दहाव्या हिश्शाखाली आहे ना ते बघा. दोन, ७.४ पीएचला २४ तास ठेवलं की ते टिकत नाही. म्हणून त्याच बाथमध्ये माहीत असलेल्या तीव्रतेची एक बंद बाटली ठेवा आणि ती शेवटी तपासा. तिच्यात घट दिसली तर तुमच्या आकड्यातही तूट आहे. आणि उजेड! ट्रान्स रेस्वेराट्रॉल उन्हात सिस या त्याच्या दुसऱ्या रूपात बदलतं. आमच्या बेंचला पश्चिमेची खिडकी होती. सकाळी लावलेल्या रनमध्ये दुपारी चारनंतर एकत्रित पर्मिएशन खाली यायला लागलं. एकत्रित आकडा खाली येतो कसा, म्हणून दोन दिवस एचपीएलसीचा (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) इंजेक्टर सोलून काढला. दोष उन्हाचा होता. ३०६ नॅनोमीटरवरचा पीक, म्हणजे आलेखातला औषधाचा उंचवटा, घटत होता आणि शेजारी एक नवा वाढत होता. सेलना फॉइल गुंडाळा, सॅम्पल अंबर वायलमध्ये घ्या आणि दोन्ही पीक वेगळे दिसतील अशी एचपीएलसी पद्धत आधी बसवा. नुसत्या यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर भागवू नका.

सेल भरताना पडद्याखाली बुडबुडा राहिला तर तेवढी जागा मेली. सेल तिरका करून तो बाजूच्या नळीतून काढा, आणि दर सॅम्पलनंतर पुन्हा वाकून बघा. कंबर दुखेल.

कायद्याचं थोडक्यात: मान्य असलेल्या औषधाचाही मार्ग बदलून जेल केलं की भारतात २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स नियमांखाली ते 'नवीन औषध' ठरतं. थीसिसला त्याने अडत नाही. पण "लवकरच बाजारात आणता येईल" असं शेवटच्या पानावर लिहू नका.

सहा महिन्यांचं सांगायचं तर एचपीएलसी आणि सोल्युबिलिटीला पहिले सहा आठवडे जातील. साधी जेल आणि स्फटिकांची चाचणी यात एक महिना. त्वचेचे रन आठवड्याला दोनच्या वर होत नाहीत, आणि एकाच कानाची त्वचा वापरून भागत नाही. निदान तीन वेगळ्या जनावरांची घ्या. माणसामाणसांत असतो तसा फरक त्यांच्यातही असतो. राहिली स्टेबिलिटी, म्हणजे जेल टिकतं का याची चाचणी. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेचा पूर्ण सहा महिन्यांचा डेटा तुमच्या वेळेत बसणारच नाही. म्हणून आदर्श फॉर्म्युला सापडायची वाट बघू नका. पहिली दोन बरी दिसणारी जेल अ‍ॅल्युमिनियम ट्यूबमध्ये भरून दिवाळीच्या आत चेंबरमध्ये ठेवा आणि तीन महिन्यांचा डेटा लावा. कॉलेजचा चेंबर जनरेटरवर आहे का, हे ट्यूब आत ठेवायच्या आधी लॅब असिस्टंटला विचारून घ्या.